आधी लाख काढा, मग तोला!

जुना दागिना मोडायला नेला, की सोनार तो तसाच उचलून काट्यात टाकत नाही. दागिना पोकळ असेल तर त्याच्या आत लाख भरलेली असते. मणी दोऱ्यात ओवलेले असतात. कडांना वर्षानुवर्षांचा मळ साठलेला असतो. सोनार दोरा काढतो, मळ धुतो, लाख वितळवून बाहेर काढतो आणि मगच दागिना तोलतो. त्याचा काटा मिलिग्रॅमचा फरक दाखवणारा असतो. वारा लागून काटा हलू नये म्हणून त्याच्याभोवती काचेची पेटीही असते. पण लाख आतच राहिली तर या नाजूक काट्याचा उपयोग काय? काटा वजन बरोबरच दाखवील, पण ते सोन्याचे आणि लाखेचे मिळून असेल.

विद्यार्थी मित्रांनो, आज आपण एका वेगळ्याच काट्याची ओळख करून घेणार आहोत. या काट्यात रेणू तोलतात. त्याचे नाव मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजेच वस्तुमान-वर्णपटमापक. आम्हा भौतिकी शिकवणाऱ्यांना यंत्राचे कौतुक फार, त्यामुळे आम्ही वर्गात यंत्राची आकृती काढतो, सूत्र मांडतो आणि थांबतो. पण प्रथिनासारखा अवजड रेणू तोलायचा असेल तर निम्म्याहून अधिक काम यंत्राचे बटण दाबण्यापूर्वीच करावे लागते. रेणूची ‘लाख’ काढावी लागते. ती कोणती, ती कशी काढतात आणि न काढल्यास काय घोटाळा होतो, हे आपण एका खऱ्या उदाहरणावरून पाहू.

तीस एककांचा फरक

आपल्या रक्ताला तांबडा रंग देणारे प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. फुप्फुसातला ऑक्सिजन शरीरभर पोचवण्याचे काम ते करते. त्याच्या एका रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. माळेत मणी ओवावेत तशी या साखळ्यांत ॲमिनो अम्ले एकापुढे एक जोडलेली असतात. अल्फा साखळीत १४१ आणि बीटा साखळीत १४६ मणी असतात. शिवाय प्रत्येक साखळीच्या कुशीत लोहाचा अणू असलेला हीम नावाचा एक छोटा रेणू बसलेला असतो.

रेणू तोलण्याचे एकक आहे डाल्टन. हायड्रोजनच्या अणूचे वस्तुमान साधारण १ डाल्टन आणि पाण्याच्या रेणूचे १८ डाल्टन असते. बीटा साखळीचे वस्तुमान भरते १५,८६७ डाल्टन. चारही साखळ्या आणि चार हीम मिळून हिमोग्लोबिनचा रेणू होतो सुमारे ६४,४५० डाल्टनचा. पाण्याचा रेणू मुंगी मानला, तर हा हत्तीच म्हणायचा.

काही लोकांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन हे ॲमिनो अम्ल असते. १४६ मण्यांपैकी फक्त एक मणी बदललेला! पण ज्या मुलाला आई आणि वडील या दोघांकडूनही ही बदललेली साखळी मिळते, त्याच्या रक्तातले हिमोग्लोबिनचे रेणू ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या तयार करतात. मग गोल, लवचीक तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर फुटतात. रुग्णाला असह्य वेदना होतात, पंडुरोग जडतो. हाच सिकल सेल रोग. एकाच पालकाकडून ही साखळी मिळाली, तर ती व्यक्ती वाहक असते. तिला सहसा त्रास होत नाही, पण दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याची शक्यता चारात एक असते. आपल्या महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा आणि नंदुरबार या भागांत या रोगाचे प्रमाण लक्षणीय आहे. कोण निरोगी, कोण वाहक आणि कोण रुग्ण हे अचूक सांगता येणे म्हणूनच फार महत्त्वाचे आहे.

आता वजनाकडे वळू. ग्लुटामिक अम्लापेक्षा व्हॅलीन ३० डाल्टनने हलके आहे. म्हणून सिकल बीटा साखळीचे वस्तुमान १५,८३७ डाल्टन येते. १५,८६७ मध्ये ३० चा फरक म्हणजे एक किलो साखरेत दोन ग्रॅमपेक्षाही कमी फरक. असा फरक ओळखणारा काटा आपल्याला हवा आहे.

रेणूंची धावण्याची शर्यत

रेणू काट्याच्या पारड्यात ठेवता येत नाही. मग तो तोलायचा कसा? याचे मूळ उत्तर केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत मिळाले. जे. जे. टॉमसन यांनी विद्युत् भारित अणूंचे झोत विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रांतून सोडले आणि निऑन वायूत २० आणि २२ अशा दोन वस्तुमानांचे अणू असल्याची चिन्हे त्यांना दिसली. त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ साली या तत्त्वावर अधिक अचूक उपकरण बनवले.

यामागची कल्पना साधी आहे. रेणूवर विद्युत् भार चढवला, की त्याला विद्युत् दाबाने ढकलता येते. अशा भारित रेणूला आयन म्हणतात. सर्व आयनांना एकसारखा धक्का दिला तर हलका आयन जोरात पळतो आणि जड आयन मागे पडतो. एका लांब निर्वात नळीत त्यांची शर्यत लावायची आणि पलीकडच्या टोकाला कोण किती वेळाने पोचला हे मोजायचे. नळी निर्वात हवी, नाहीतर वाटेत हवेच्या रेणूंशी टकरा होऊन शर्यतीचा विचका होईल.

आपण एक गणित करून पाहू. आयनाला मिळणारी गतिज ऊर्जा म्हणजे त्याचा विद्युत् भार गुणिले विद्युत् दाब. बीटा साखळीवर एक धन भार आहे आणि आपण २०,००० व्होल्ट दाब दिला, असे समजा. गतिज ऊर्जेच्या सूत्रावरून तिचा वेग निघतो सेकंदाला सुमारे १५,६०० मीटर. म्हणजे १ मीटर लांबीची नळी ती सुमारे ६४ मायक्रोसेकंदांत पार करील. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. सिकल साखळी ३० डाल्टनने हलकी, म्हणून ती थोडी आधी पोचेल. किती आधी? केवळ ०.०६ मायक्रोसेकंद! आजची इलेक्ट्रॉनीय घड्याळे एवढा वेळ सहज मोजतात. थोडक्यात, आपल्याजवळ काटा आहे आणि तो पुरेसा नाजूकही आहे. अडचण वेगळीच आहे.

हत्तीला उडवायचे कसे?

शर्यतीत धावायचे तर प्रथिनाचा रेणू पाण्यातून सुटून मोकळा व्हायला हवा आणि त्याच्यावर विद्युत् भारही हवा. लहान रेणूंच्या बाबतीत हे सोपे असते. त्यांना तापवले की वाफ होते. पण प्रथिन तापवून पाहा! अंडे उकडताना काय होते ते तुम्हाला माहीत आहे. पांढरा बलक प्रथिनांचाच असतो. तापल्यावर त्याची वाफ होत नाही, तो थिजतो आणि आणखी तापवला तर करपतो. अवजड रेणूंवरचे बंध वाफ होण्याआधीच तुटतात. त्यामुळे कित्येक दशके प्रथिने या काट्याच्या आवाक्याबाहेर राहिली.

१९८०–९० च्या दशकात या अडचणीतून दोन वाटा निघाल्या.

पहिली वाट लेसरची. जपानमधील क्योतो येथील शिमाझू कंपनीत कोइची तानाका नावाचे एक तरुण अभियंते काम करत होते. त्यांचे शिक्षण विद्युत् अभियांत्रिकीचे होते. लेसरच्या किरणाने मोठे रेणू न मोडता कसे उडवता येतील, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. १९८५ साली एकदा कोबाल्टची अतिसूक्ष्म पूड ॲसिटोनमध्ये कालवण्याऐवजी चुकून त्यांनी ती ग्लिसरीनमध्ये कालवली. चूक लक्षात आली, पण महागडी पूड फेकून देणे त्यांच्या जिवावर आले. त्यांनी तेच मिश्रण यंत्रात घालून पाहिले आणि पूर्वी कधी न मिळालेला संकेत मिळाला! पूड लेसरची ऊर्जा शोषून घेत होती आणि रेणू न मोडता अलगद उडत होते. सुमारे त्याच काळात जर्मनीत फ्रांझ हिलेनकांप आणि मिखाएल कारास यांनी सेंद्रिय अम्लाच्या स्फटिकांत प्रथिने मिसळून तसेच यश मिळवले. आज प्रयोगशाळांत वापरतात ती पद्धत मुख्यतः या दोघांची. तिला माल्डी म्हणतात.

दुसरी वाट तुषारांची. अमेरिकेत येल विद्यापीठात जॉन फेन यांनी प्रथिनाचे द्रावण एका अतिबारीक नळीतून सोडले आणि नळीच्या टोकाला काही हजार व्होल्ट दाब दिला. टोकातून विद्युत् भारित थेंबांचा फवारा उडाला. हे थेंब कोरड्या नायट्रोजन वायूत वाळत जातात. थेंब आकसतो, पण त्यावरचा भार तेवढाच राहतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, हे तुम्ही शिकला आहात. शेवटी पाण्याच्या पृष्ठताणाला थेंब सांभाळता येत नाही आणि तो फुटून आणखी बारीक थेंब होतात. भाराची ही मर्यादा लॉर्ड रॅले यांनी १८८२ सालीच गणिताने काढून ठेवली होती. असे होत होत सगळे पाणी उडून जाते आणि अंगावर अनेक धन भार वागवणारा प्रथिनाचा रेणू तेवढा उरतो. ही इलेक्ट्रोस्प्रे पद्धत. फेन यांनी आपल्या नोबेल व्याख्यानाच्या शीर्षकातही या अवजड रेणूंना हत्तीच म्हटले आहे. २००२ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग फेन आणि तानाका यांना मिळाला. तेव्हा फेन पंच्याऐंशी वर्षांचे होते, तर तानाका अवघ्या त्रेचाळीस वर्षांचे.

लाख कोणती?

हत्ती उडाला, शर्यत लागली, घड्याळ तयार आहे. आता एक थेंब रक्त थेट यंत्रात घालावे काय? घालून काहीही हाती लागणार नाही. कारण रक्तात मीठ आहे.

समजा, रक्ताचा थेंब आपण दवाखान्यात सलाइन म्हणून देतात त्या ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात पातळ केला. अशा एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ असते. यंत्रासाठी प्रथिनाचे द्रावण फार विरळ ठेवावे लागते. लिटरमध्ये एका मोलचा एक लाखावा भाग प्रथिन आहे असे धरले, तर हिशेब करून पाहा: प्रथिनाच्या एकेका रेणूमागे सोडियमचे पंधरा हजारांहून अधिक आयन निघतात. एका हत्तीभोवती पंधरा हजार माश्या! सगळा विद्युत् भार मीठच पळवते, प्रथिनाच्या वाट्याला फारसा येतच नाही. फवारा नीट उडत नाही, यंत्राच्या तोंडाशी मिठाचे पुट चढते.

त्याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. सोडियमचे काही आयन प्रथिनाला चिकटूनच येतात. आयन चिकटताना हायड्रोजनची जागा घेतो, म्हणून २३ वजा १, म्हणजे २२ डाल्टन वाढतात. पोटॅशियम चिकटला तर ३९ वजा १, म्हणजे ३८ वाढतात. आता आपले उदाहरण घ्या. सिकल साखळी १५,८३७ डाल्टनची. तिला एक सोडियम चिकटला की झाले १५,८५९. एक पोटॅशियम चिकटला की झाले १५,८७५. आणि निरोगी साखळी? १५,८६७, म्हणजे या दोहोंच्या बरोबर मध्ये! यंत्र फार बारीक फरक दाखवणारे नसेल, तर या सगळ्यांचा मिळून आलेखावर एक पसरट उंचवटा दिसतो. त्या उंचवट्याखाली निरोगी साखळी खरोखरच आहे की नुसती मीठ चिकटलेली सिकल साखळी आहे, हे कसे ओळखणार? एक जण रुग्ण आहे की वाहक, हा प्रश्न मिठाच्या चार कणांपाशी अडतो. काटा खोटे बोलत नाही, पण आपण त्याला सोने आणि लाख एकत्रच दिलेली असते.

नमुना कसा तयार करतात?

पहिली पायरी पेशी फोडण्याची. हिमोग्लोबिन तांबड्या पेशींच्या आत असते. या पेशी शुद्ध पाण्यात टाकल्या की तर्षणामुळे पाणी आत शिरते, पेशी फुगतात आणि फुटतात. हिमोग्लोबिन पाण्यात उतरते. मिश्रण वेगाने गरगर फिरवले, की पेशींची टरफले तळाशी बसतात आणि वरचे तांबडे पाणी काढून घेता येते. इथे पाणीही साधे चालत नाही. नळाच्या पाण्यातच सोडियम आणि कॅल्शियम असतात.

दुसरी पायरी मीठ काढण्याची. त्यासाठी तीन-चार उपाय आहेत. एक उपाय डायलिसिसचा. मूत्रपिंडाच्या रुग्णांमुळे हा शब्द तुमच्या कानावरून गेला असेल. प्रथिनाचे द्रावण अतिसूक्ष्म छिद्रांच्या पातळ पडद्याच्या पिशवीत भरायचे आणि पिशवी शुद्ध पाण्यात सोडायची. मिठाचे आयन छिद्रांतून बाहेर जातात, हत्ती मात्र आतच राहतो. बाहेरचे पाणी तीन-चार वेळा बदलले की मीठ जवळजवळ संपते. दुसरा उपाय आयन-विनिमय करणाऱ्या राळेच्या मण्यांचा. दुष्फेन पाणी मृदू करण्यासाठी वापरतात त्याच जातीचे हे मणी. द्रावणात टाकले की मिठाचे आयन ते आपल्याकडे ओढून घेतात.

तिसरा उपाय फार युक्तीचा आहे. तेलकट भांड्याला हळद लागली तर ती नुसत्या पाण्याने निघत नाही, पण स्पिरिटच्या बोळ्याने चटकन निघते, हे तुम्ही पाहिले असेल. तसेच इथे करतात. सिलिकाच्या बारीक कणांवर तेलासारख्या कार्बनी साखळ्या चिकटवलेल्या असतात. हे कण एका नळीत भरून त्यावरून नमुना सोडायचा. प्रथिन तेलकट कणांना धरून बसते. मग आम्ल घातलेल्या पाण्याने धुवायचे. मीठ पाण्याबरोबर वाहून जाते. शेवटी ॲसिटोनायट्राइल नावाचा विद्रावक सोडला, की प्रथिन सुटून खाली येते, तेही स्वच्छ होऊन.

तिसरी पायरी साखळ्या सुट्या करण्याची. या विद्रावकात थोडे फॉर्मिक अम्ल मिसळले, की हिमोग्लोबिनच्या चार साखळ्या एकमेकींपासून विलग होतात आणि हीमही गळून पडते. आता अल्फा साखळी १५,१२६ डाल्टनवर, बीटा साखळी १५,८६७ वर आणि हीम ६१६ वर अशी वेगवेगळी टोके आलेखावर दिसतात. अम्लामुळे साखळीला धन भारही आयताच मिळतो. फॉर्मिक अम्लच का? कारण ते वाफ होऊन उडून जाते, मागे काही ठेवत नाही. नमुन्यात क्षार घालणे भागच पडले तर अमोनियम ॲसिटेटसारखा उडून जाणारा क्षार घालतात. फॉस्फेट, ग्लिसरीन यांसारखे न उडणारे पदार्थ इलेक्ट्रोस्प्रेच्या वाटेला जाऊ देत नाहीत.

प्रक्षालकांचीही तीच गत. भांडी घासायच्या साबणाचा अंश परीक्षानळीत राहिला तरी तो प्रथिनाचा संकेत दाबून टाकतो. म्हणून या कामाच्या नळ्या साबणाने धूत नाहीत. आणखी एक गंमत सांगतो. या प्रयोगशाळांत नको असताना सर्वांत जास्त वेळा सापडणारे प्रथिन कोणते असेल? केराटिन! आपले केस, नखे आणि त्वचा त्याचीच बनलेली असतात. डोके खाजवले की कोंड्याचा कण नळीत पडतो आणि रुग्णाच्या प्रथिनाऐवजी तपासणाऱ्याचेच प्रथिन तोलले जाते. हातमोजे आणि केसांवर टोपी हवी, ती यासाठी.

लेसरच्या पद्धतीत आणखी एक पायरी असते. प्रथिनाच्या एका बारीक थेंबात सिनापिनिक अम्लाचे द्रावण मिसळतात आणि तो थेंब पोलादी पट्टीवर वाळू देतात. अम्लाचे स्फटिक बनतात आणि प्रथिनाचे रेणू त्यांत अडकून बसतात. लेसरची ऊर्जा स्फटिक शोषून घेतात आणि उडताना प्रथिनाला सोबत नेतात. थोडे मीठ राहिलेच असेल, तर वाळलेल्या ठिपक्यावर थंडगार अम्लयुक्त पाण्याचा थेंब क्षणभर ठेवून लगेच टिपून घेतात. मीठ त्यात विरघळते, स्फटिक मात्र जागेवर राहतात.

फारच मोठा हत्ती असेल तर?

हिमोग्लोबिनची साखळी तशी मध्यमच म्हणायची. रोगजंतूंशी लढणारी आपल्या रक्तातली प्रतिपिंडे सुमारे १,५०,००० डाल्टनची असतात. तेवढ्या वजनात ३० चा फरक शोधणे म्हणजे तांदळाच्या पोत्यात मूठभर तांदूळ कमी आहेत का हे पोते तोलून ठरवण्यासारखे आहे. अशा वेळी प्रथिन कापून त्याचे तुकडे तोलतात.

कापायलाही नियम हवा. मनमानी तुकडे केले तर हिशेब लागणार नाही. हे काम ट्रिप्सिन करते. आपल्या आतड्यात अन्नातील प्रथिने पचवणारे हेच एंझाइम. लायसिन आणि अर्जिनिन या दोन मण्यांच्या पुढेच ते साखळी कापते, इतरत्र सहसा नाही. प्रथिनाच्या घडीत गंधकाचे पूल असतील तर आधी ते तोडावे लागतात आणि पुन्हा जुळू नयेत म्हणून त्यांची टोके बंद करावी लागतात. मग शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंश सेल्सियसला, नमुना काही तास किंवा रात्रभर ठेवला की प्रथिन ‘पचते’.

याच युक्तीने १९५६ साली व्हर्नन इनग्रम यांनी केंब्रिजमध्ये सिकल सेलचे कोडे सोडवले. १९४९ साली लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकल हिमोग्लोबिनवरचा विद्युत् भार वेगळा असल्याचे दाखवले होते, पण बदल नेमका कोठे आहे हे ठाऊक नव्हते. इनग्रम यांनी दोन्ही हिमोग्लोबिने ट्रिप्सिनने कापली आणि त्यांचे तुकडे ओल्या कागदावर विद्युत् प्रवाहाने व विद्रावकाने पसरवले. सगळे ठिपके जुळले, एक मात्र सरकलेला होता. बदल त्या एका तुकड्यात होता. आज मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये तोच आठ मण्यांचा तुकडा एका धन भारासह ९५२.५ वर दिसतो, तर सिकल साखळीतला ९२२.५ वर. फरक तोच, ३० चा. पण आता तो एक किलोत ३० ग्रॅमहून अधिक झाला! नवजात बालकाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा ठिपका कागदावर वाळवून, तो ट्रिप्सिनने पचवून अशी तपासणी करण्याची पद्धतही तयार झाली आहे.

आपल्याकडे गावपातळीवर मात्र पहिली चाचणी साधी असते. सिकल हिमोग्लोबिन ठरावीक द्रावणात विरघळत नाही आणि ते द्रावण गढूळ होते. ही विद्राव्यता चाचणी. त्यानंतर इलेक्ट्रोफोरेसिससारख्या चाचण्यांनी निदान पक्के करतात. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियानात अशाच तपासण्यांवर भर आहे. मास स्पेक्ट्रोमीटर महाग असल्यामुळे तो मोठ्या प्रयोगशाळांतच असतो. पण चाचणी साधी असो की महागडी, नमुना नीट घेतला नाही तर उत्तर चुकणारच.

आता तुम्ही तोला

इलेक्ट्रोस्प्रेमध्ये एकाच प्रथिनावर १५, १६, १७ असे वेगवेगळे धन भार चढतात. यंत्र वस्तुमान भागिले भारसंख्या एवढेच दाखवते. मग खरे वस्तुमान कसे काढायचे? एका स्वच्छ नमुन्यात शेजारशेजारची दोन टोके १०५८.८ आणि ९९२.७ वर मिळाली आहेत, असे समजा. प्रत्येक भार म्हणजे चिकटलेला एक प्रोटॉन, त्याचे वस्तुमान १. म्हणून दोहोंतून १ वजा करा: १०५७.८ आणि ९९१.७. शेजारची टोके म्हणजे भारसंख्येत एकाचा फरक. लहान संख्येला दोहोंच्या वजाबाकीने, म्हणजे ६६.१ ने, भागा. उत्तर येते १५. म्हणजे मोठ्या टोकावर १५ भार आहेत. १०५७.८ गुणिले १५ बरोबर १५,८६७. ही निरोगी बीटा साखळी!

आता वही-पेन्सिल घ्या. दुसऱ्या एका नमुन्यात टोके मिळाली १०५६.८ आणि ९९०.८ वर, आणि त्यांच्या आसपास निरोगी साखळीची टोके मुळीच नाहीत. हा नमुना निरोगी माणसाचा, वाहकाचा की रुग्णाचा? गणित सोडवा, म्हणजे उत्तर तुम्हालाच मिळेल. आणि पुढच्या वेळी प्रयोगशाळेत वजने चिमट्याऐवजी बोटांनी उचलावीशी वाटली, तर सोनाराची लाख आठवा.